लक्ष्य तुम्ही होता!

आमचे चिरंजीव मोबाइलवर ‘मॅजिक : द गॅदरिंग अरीना’ नावाचा पत्त्यांचा खेळ खेळतात. रिचर्ड गारफिल्ड या गणितातल्या डॉक्टराने रचलेला मूळ खेळ १९९३ साली छापील पत्त्यांत आला. गणितवाल्याच्या हातून माणसाचं भलं झाल्याचं मला तरी आठवत नाही. तरीही एका रविवारी मी खेळायला बसलो. बी.कॉम. झालेला माणूस साठ पत्त्यांना भितो काय?

मी त्याच्या राक्षसावर संहाराचा मंत्र टाकला. त्याने शांतपणे राक्षसाला ‘हेक्सप्रूफ’ केलं. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्याला लक्ष्य करता येत नाही, मालकाला येतं. माझा मंत्र वाया!

“बाबा, टाकताना लक्ष्य चालत होतं. पण मंत्र फळताना पुन्हा तपासतात.”

म्हणजे चेक लिहिताना खात्यात पैसे होते, वटताना नव्हते!

पुढच्या डावात माझा राक्षस हेक्सप्रूफ. मी निर्धास्त. चिरंजीवांचा मंत्र आला : प्रतिस्पर्ध्याने आपल्या एका राक्षसाचा बळी द्यावा. माझ्याकडे होता एकच. गेला!

“ही लबाडी आहे! तो हेक्सप्रूफ होता ना?”

“मी राक्षसाला लक्ष्य केलंच नाही. लक्ष्य तुम्ही होता.”

सहसा मजकुरात ‘टार्गेट’ हा शब्द असेल तरच ते लक्ष्य म्हणे! सरसकट सगळे राक्षस मारणारा मंत्रसुद्धा कुणालाच लक्ष्य करत नाही. या शब्दच्छलाविरुद्ध मी जेवण होईपर्यंत भाषण केलं.

सोमवारी काउंटरवर एक आजी आल्या. आजोबा इस्पितळात, पैसे हवे होते. जोडखातं होतं, पण ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’. पहिलं नाव आजोबांचं; ते आहेत तोवर सही त्यांचीच. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असतं तर आजींची चालली असती.

“पण पैसे दोघांचेच ना रे?” आजी म्हणाल्या.

मी नियम सांगितला. अगदी चिरंजीवांच्या आवाजात. आजी रिक्षाने इस्पितळात गेल्या, चेकवर थरथरती सही घेऊन परत आल्या. रिक्षाभाडं त्यांचंच.

आता माझं भांडण खेळाशी नाही, आम्हा नियमवाल्यांशी आहे. नियम बारीक असावेत, पैशाच्या व्यवहारात ते असायलाच हवेत. पण ज्याला ते ठाऊक आहेत, त्याने ते आधी सांगायला नकोत? त्या खेळात मंत्र टाकताना ज्याला लक्ष्य करता येतं, तेच पत्ते चमकतात. खातं उघडताना आमच्या फॉर्मवर काय चमकतं? आम्हीच पेन्सिलीने केलेली फुली : ‘इथे सही करा’. आणि वर आम्हीच म्हणणार, “वाचून सही करायची होती!” अहो, वाचायला वेळ कुणी दिला?

परवा एक नवं जोडपं खातं उघडायला आलं. दोन्ही प्रकारांचा अर्थ मी मराठीत, उदाहरणासकट सांगितला. पूर्ण दहा मिनिटं. मागे रांग वाढली, कुणीतरी ओरडलं, केबिनचं दार उघडलं, साहेबांनी बाहेर डोकावून पाहिलं.

लक्ष्य अर्थातच मी होतो. आणि क्लार्कला हेक्सप्रूफ नसतं.