डायनामो उघडण्याचा अधिकार कोणाचा?

१ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन आम्ही श्रीगोंद्याला परत निघालो होतो. शिरूर सोडलं आणि बेलवंडी फाट्याच्या अलीकडे जीपचे दिवे पिवळे पडले, हॉर्न घोगरा झाला, गाडी बंद. अकरा माणसं, त्यात दोन म्हाताऱ्या आया आणि तीन लेकरं, थंडीत रस्त्याच्या कडेला उभी. गाडी कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून घेतलेली, जुनी. दुसऱ्या दिवशी ओढत एका गॅरेजला नेली. मालकाने दोन मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला, "डायनामो गेला. नवीन टाका. साडेआठ हजार."

दुरुस्त नाही का होणार, विचारलं तर हसला. आमच्यातला एक पोरगा म्हणाला, "मी उघडून बघू का?" त्यावर उत्तर आलं, "ते तुमचं काम नाही."

मित्रांनो, हा लेख त्या साडेआठ हजारांबद्दल नाही. हा लेख "ते तुमचं काम नाही" या वाक्याबद्दल आहे.

तो माणूस जातीच्या तोऱ्यात बोलला की धंद्याच्या, मला माहीत नाही. पण या वाक्याला इतिहास आहे. आमच्या तालुक्यातून दौंड-मनमाड रेल्वे जाते. त्याच मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत भाषण केलं. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यातलं सूत्र आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या कामाचा हिशेब मांडला होता, तो आपण विसरलो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून रूळ ठोकतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. वर्कशॉपमध्ये ओझी उचलायला तो चालतो, मेकॅनिक म्हणून चालत नाही. म्हणजे लोखंड उचलायचं आपण आणि लोखंड समजून घ्यायचं दुसऱ्यांनी.

मुंबईच्या गिरण्यांत तेच होतं. जास्त पगार विणकाम खात्यात. तिथे अस्पृश्यांना बंदी. कारण काय, तर धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याने बाकीचे बाटतील! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. मजुरांच्या एकजुटीच्या घोषणा होत्या, पण कौशल्याचं खातं बंदच होतं. बाबासाहेब सांगत होते की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि वाटणीही वर-खाली लावलेली.

आमच्या गावाचंच बघा. श्रीगोंद्याचं जुनं नाव चांभारगोंदे. नावातला चांभार गेला आणि तिथे 'श्री' बसला. कातडं कमावणं म्हणजे चुना, साली, पाणी आणि वेळ यांचा नेमका मेळ. ते रसायनशास्त्र होतं. पण ज्याच्या हातात ते होतं त्याला शास्त्रज्ञ कोणी म्हटलं नाही, विटाळ म्हटलं. या देशात कौशल्य कमी नव्हतं. कौशल्याला मान द्यायचा की शिवी, हे जातीवर ठरत होतं.

आता स्वतःच्या चुकीबद्दल. गॅरेजमध्ये "मी उघडून बघू का" म्हणणारा पोरगा आमच्याच वस्तीतला. आठ वर्षांपूर्वी त्याला आयटीआयला मोटार मेकॅनिकला जायचं होतं. मीच त्याला अडवलं. म्हणालो, बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ते हात काळे करायला नाही. तू स्पर्धा परीक्षा दे, साहेब हो. पोरगा ऐकला. सहा वर्षं अभ्यासिकेत बसला, दोनदा थोडक्यात हुकला. वय गेलं, उमेद गेली. आज तो काष्टीच्या बाजारात हमाली करतो. मी त्याचा गुन्हेगार आहे आणि हे इथे लिहून ठेवतो. कलेक्टर व्हायचं स्वप्न खोटं नाही. पण ज्या वस्तीत शंभर पोरांतला एक साहेब होतो, तिथे उरलेल्या नव्याण्णवांच्या हाताला काय शिकवायचं, याचं उत्तर आपल्या चळवळीकडे नाही. शारीरिक काम हलकं, ही मनूची कल्पना आपण निळ्या कापडात गुंडाळून डोक्यावर घेतली.

गॅरेजवरून जीप घरी आणली आणि त्याच पोराच्या हातात पाना दिला. काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण माहिती वाटली की मक्तेदारी मोडते.

आधी मल्टिमीटर. गाडी बंद असताना चार्ज असलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला पाहिजे. तो चढला नाही तर चार्जिंग नाही. पण लगेच डायनामोला दोष देऊ नका. आधी पट्टा ढिला आहे का, फ्यूज उडाला आहे का, वायर आणि अर्थिंग गंजलं आहे का, हे बघा. आणि चालू गाडीची बॅटरी काढून "डायनामो तपासायची" जुनी युक्ती कोणी कितीही अनुभवी माणूस सांगो, करू नका. त्या झटक्याने चांगले डायोड जळतात. मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नये, तपासून घ्यावं, हे आपल्याला बुद्धाने शिकवलंय.

मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढून डायनामो उतरवला. उघडण्याआधी दोन्ही अर्ध्यांवर खूण केली, म्हणजे परत तसाच बसतो. आत मुख्य गोष्टी पाचच: फिरणारा रोटर, त्याच्याभोवतीचं स्टेटरचं वायंडिंग, एसीचं डीसी करणारी डायोडची प्लेट, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर ज्याला सगळे कटआउट म्हणतात, आणि कार्बन ब्रश. शिवाय दोन बेअरिंग. रोटरच्या दोन स्लिप रिंगांमध्ये साधारण २ ते ५ ओहम यायला हवेत, रिंग आणि लोखंड यांच्यात काहीच नाही. स्टेटरच्या तिन्ही टोकांत जोड हवा, बॉडीशी नको. डायोड एका बाजूने वाट देतो, दुसऱ्या बाजूने अडवतो. दोन्हीकडून वाट दिली किंवा दोन्हीकडून अडवली तर तो गेला.

आमच्या डायनामोत रोटर चांगला, स्टेटर चांगला, डायोड चांगले. कार्बन ब्रश झिजून बुटके झाले होते आणि मागचं बेअरिंग खरखर करत होतं. एवढ्यासाठी अख्खा डायनामो भंगारात जाणार होता.

सुटे भाग कसे शोधायचे? गाडीचं नाव सांगून दुकानात जाऊ नका. डायनामोच्या पट्टीवरचा नंबर, व्होल्ट आणि अँपिअर लिहून घ्या आणि जुना भाग हातात घेऊन जा. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, रुंदी १२. ६३०३ म्हणजे १७, ४७, १४. हे जगभर एकच. मोटारीच्या दुकानात 'कंपनीचं' म्हणून महाग मिळणारं बेअरिंग त्याच नंबराने साध्या बेअरिंगच्या दुकानात मिळतं. श्रीगोंद्यात नाही मिळालं तर दौंड, नगर, आणि शेवटी पुण्याची नाना पेठ. ब्रशसकट कटआउट आणि दोन बेअरिंग मिळून हजाराच्या आत काम झालं. स्लिप रिंग बारीक पॉलिश पेपरने साफ केल्या, ब्रश आत दाबून धरायला मागच्या भोकातून तार घातली, डायनामो बसवला. मीटरवर १४.२. पोरगा काही बोलला नाही. नुसता आकड्याकडे बघत राहिला. सहा वर्षांत त्याच्या बाजूने आलेला तो पहिला निकाल होता.

आता राजकारणाकडे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू देत नाहीत, हा ठपका. कंपन्या अपिलात गेल्या. केंद्राने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. ज्ञान कुलपात ठेवायचं आणि किल्लीचं भाडं घ्यायचं, ही युक्ती आपण ओळखली पाहिजे. आपल्याला ती दोन हजार वर्षं माहीत आहे.

दुसरीकडे १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली. १८ धंदे: सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी, टोपल्या-झाडू करणारे. तेही कुटुंबात परंपरेने चालत आलेले. पाच टक्के व्याजाने कर्ज मिळतं, म्हणून गरजू माणसाने घेतलं तर त्याला मी दोष देणार नाही. पण यादी वाचा. चांभाराच्या पोराने चांभारकी करावी यासाठी पैसा आहे; त्याने डायनामो बांधावा यासाठी त्या यादीत जागा नाही. तमिळनाडूने २०२४ मध्ये ही योजना याच मुद्द्यावर नाकारली. महाराष्ट्रात आपल्या नावाने निवडून आलेल्यांपैकी किती जणांनी तोंड उघडलं?

काही मित्र म्हणतील, बाबासाहेबांनी हलकी कामं सोडायला सांगितली, तुम्ही परत ग्रीसमध्ये ढकलताय. नाही. त्यांनी जन्माने लादलेलं, अपमानाचं काम सोडायला सांगितलं. वर्कशॉपमध्ये आपला मेकॅनिक का नाही, हे विचारणारेही तेच. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागणारेही तेच. दुसरा आक्षेप असा की स्वतः शिका म्हटलं की सरकार सुटतं. सुटू देऊ नका. आरक्षण हवं, शिष्यवृत्ती वेळेवर हवी, आयटीआयमध्ये शिकवणारा निदेशक आणि चालणारी यंत्रं हवीत. त्यासाठी मोर्चा काढूच. पण मोर्चाची गाडी आपल्याला चालू ठेवता आली पाहिजे.

ऊसाच्या हंगामात आमच्या रस्त्यांवर मागचा दिवा नसलेले ट्रेलर रात्री धावतात. ऊसतोडीची माणसं त्याच रस्त्यावर असतात. ती आपली माणसं आहेत. एक मल्टिमीटर, एक पान्यांचा संच आणि शिकलेला एक पोरगा हे त्या ट्रेलरचा दिवा लावू शकतात.

म्हणून प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक तालुक्याच्या बुद्धविहारात पुस्तकांच्या कपाटाशेजारी हत्यारांचं कपाट ठेवा. महिन्यातला एक रविवार पोरापोरींनी, हो, पोरींनीही, एक बंद पडलेलं यंत्र उघडायचं. श्रीगोंद्यात आम्ही सुरुवात केली आहे. शिकवतो तोच पोरगा. मी खाली बसून शिकतो.

जय भीम!