टोपीवरचा खांब

आम्हा आयटीवाल्यांचा बॅज म्हणजे गळ्यातलं आयडी कार्ड. कंपनी बदलली की कार्ड बदललं, विषय संपला! लष्करी अधिकाऱ्याच्या टोपीवरच्या बॅजचं तसं नसतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बॅजवर बिगुल आहे, कारण लाइट इन्फन्ट्रीत पूर्वी हुकूम बिगुलावर दिले जात.

पण मला विचारात पाडतो तो महार रेजिमेंटचा बॅज.

आम्हा भंडारावाल्यांना बाबासाहेबांची १९५४ची लोकसभेची पोटनिवडणूक माहीत असते. ती ते आमच्याकडे हरले. त्याआधी त्यांनी जिंकलेली एक लढाई मात्र आपण विसरतो. इंग्रजांनी १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली होती. कारण काय, तर म्हणे ही 'लढाऊ जात' नाही! १९४१मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आल्यावर बाबासाहेबांनी भरतीचा आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली.

तिच्या पहिल्या बॅजवर होता कोरेगावचा विजयस्तंभ. १८१८च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरलेला, खुद्द कंपनी सरकारने उभारलेला. म्हणजे हा बॅज नुसती सजावट नव्हती, तो साहेबालाच दाखवलेला साहेबाचा पुरावा होता!

१९४६मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. आज बॅजवर दोन व्हिकर्स मशीनगन्स आहेत आणि खांबाच्या जागी खंजीर.

स्वतंत्र देशाच्या सैनिकाने कंपनीचा विजयस्तंभ डोक्यावर का मिरवावा, हा मुद्दा मला कळतो. शिवाय आता या रेजिमेंटमध्ये सगळ्या समाजांचे जवान असतात. तरीही माझं मत विचाराल तर खांब राहायला हवा होता. कंपनीचा विजय म्हणून नाही, तर नाकारलेला हक्क परत मिळवल्याची खूण म्हणून. आपल्याकडे कोड डिलीट केला तरी व्हर्जन कंट्रोलमध्ये हिस्टरी राहते. बॅजला ती सोय नाही ना!

१ ऑगस्ट २०२३पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांचा गणवेश एकसारखा झाला, टोपीसकट. ते मला पटतं. ज्याच्या हाताखाली सगळ्या रेजिमेंट्स येतात, त्याने एकीचीच खूण का लावावी? पण कर्नलपर्यंतचे बॅज तसेच आहेत आणि ते तसेच राहावेत.

एवढंच की, पुढच्या वेळी टीव्हीवर संचलन बघताना चॅनल बदलण्याआधी टोप्यांकडेही बघा. काय दिसतंय आणि काय काढून टाकलंय, दोन्ही.