उंदीर फुंकर घालत नाही

उंदीर फुंकर घालून चावतो, म्हणून झोपेत कळत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. माझी आजीही म्हणायची. पण वस्त्यांमध्ये फिरताना मी पाहते, सकाळी गोधडीवर रक्ताचे डाग दिसल्यावर ज्यांना चावल्याचं समजतं, त्यांच्यात साखरेचे जुने पेशंट पुष्कळ असतात. फुंकर कसली? बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. बधिर पाय कुरतडला तरी माणूस जागा होत नाही. आणि साखर जास्त असली की तीच जखम चिघळते, काळी पडते आणि बोट कापण्यापर्यंत गोष्ट जाते.

म्हणून ज्यांना पाच-सात वर्षांपासून साखर आहे, पायाला मुंग्या येतात, चप्पल निसटलेली कळत नाही, त्यांनी खाली झोपू नये. घरात खाट एकच असेल तर ती त्यांना द्यावी, मग ती सासू असो की सून. खाटेला जागाच नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात. जेवणाचे हात पायाला पुसलेले असतील, पायाला खोबरेल चोपडलेलं असेल, तर उंदराला वास लागतो. झोपताना पाय धुवा, कोरडे करा. सकाळी तळवा आरशात बघा किंवा नातवाला बघायला सांगा.

चावलाच तर हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आणि साखर आहे हे डॉक्टरांना आधी सांगा. दुखत नाही म्हणून दोन दिवस काढू नका. न दुखणं हीच तर खरी अडचण आहे.

आता एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. इन्शुलिन घेणाऱ्याची साखर रात्री एकदम उतरते, घाम फुटतो, थरथर होते. त्यासाठी बायका उशीखाली बिस्किटाचा पुडा ठेवतात. शहाणपणाचंच आहे ते, पण उंदराला आमंत्रणही तेच. पुडा नको. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत तीन चमचे साखर ठेवा, शेजारी पाण्याची बाटली. मुंग्या लागतात म्हणून साखर घरातून काढून टाकू नका, ती औषध आहे. डबी पाण्याच्या ताटलीत ठेवली की मुंग्या येत नाहीत.

मुंग्यांवरून आठवलं. लघवीला मुंग्या लागल्या तरच साखर, असं अजून लोक धरून चालतात. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की मग ती लघवीत उतरते. त्याआधीची वर्षं मुंग्यांना कळत नाहीत. तिशी ओलांडली की सरकारी दवाखान्यात रक्तच तपासून घ्या.

दवाखान्यात मात्र एक वाक्य ऐकायला मिळतं, "तुम्ही लोक स्वच्छता ठेवत नाही." मला याचा राग येतो. दहा बाय दहाच्या खोलीत रोज दोनदा फरशी पुसणारी बाई उंदीर जन्माला घालत नाही. कचऱ्याची गाडी चार-चार दिवस येत नाही, गटारावर झाकण नाही, म्हणून उंदीर वाढतात. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात रात्री उंदीर मारणारे कामगार आहेत, म्हणजे हे काम पालिकेचं आहे हे पालिकेलाही मान्य आहे. ते आपल्या गल्लीत कधी येतात, हे विचारायला लाज कसली?

महिला मंडळाने वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यावा. त्यात "घाण आहे" एवढंच लिहू नका. गल्लीत साखरेचे पेशंट किती, त्यातले किती जणांना उंदीर चावला, किती जणांचं बोट गेलं, आकडे लिहा. घरोघरी विचारायला दोन संध्याकाळी पुरतात. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.