मुलीचा फोन, घराचा पहारा

2016 च्या फेब्रुवारीत गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज या गावाने अविवाहित मुलींना मोबाइल वापरायची बंदी केली. बंदी मोडली तर 2,100 रुपये दंड आणि खबर देणाऱ्याला 200 रुपये बक्षीस. तीन वर्षांनी बनासकांठातल्या दांतीवाडा तालुक्यात ठाकोर समाजाने बारा गावांसाठी तसाच ठराव केला. शहरांनी त्या बातम्या वाचल्या आणि आपण त्यातले नाही अशी स्वतःची समजूत घातली. सूरतला तसा हक्क आहे का? उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथल्या घरांत ठराव होत नाहीत, इतकाच फरक. मुलीच्या फोटोशी कोणी खेळ केला, कोणी रात्री-अपरात्री मेसेज पाठवू लागला, की पहिली कारवाई तिच्यावर होते. फोन काढून घेतला जातो, क्लास बंद होतो आणि गावाकडे, अमळनेर-नंदुरबारकडे, स्थळांची चौकशी सुरू होते. त्रास देणाऱ्याचा रिचार्ज मात्र चालू राहतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2023 च्या अहवालात देशभरात सायबर गुन्ह्यांची 86,420 प्रकरणे आहेत. त्यांतली 68.9 टक्के फसवणुकीची आणि लैंगिक शोषणाची फक्त 4.9 टक्के. यावरून इंटरनेटवर बायकांना फारसा त्रास होत नाही असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. खात्यातले पैसे गेले की माणूस तासाभरात 1930 या सायबर मदतक्रमांकाला फोन लावतो, कारण तक्रार केली तर काही परत मिळण्याची आशा असते. मुलीने तक्रार केली तर हातात आहे तेही जाते. ही साधी गोष्ट जोवर बदलत नाही, तोवर नोंदीतला तो आकडा तिच्या गप्प बसण्याचाच आकडा राहील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 च्या काळात, कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष 57 टक्के निघाले, स्त्रिया 33 टक्के. या दरीला गरिबी कारण आहेच, पण भीतीही आहे. आणि ती भीती प्रत्येक वेळी बाहेरच्या गुंडाची नसते.

मुलींसाठी म्हणून जी सायबर जागृती चालते, तिचा बहुतेक मजकूर मनाईचा असतो. डीपीवर फोटो ठेवू नका, अनोळखी विनंती स्वीकारू नका, नंबर देऊ नका. सूरत पोलिसांची ‘सायबर संजीवनी’ मोहीम आर्थिक फसवणुकीबद्दल लोकांना सावध करण्याचे मोलाचे काम करते, त्याबद्दल दुमत नाही. पण साडीवर टिकल्या चिकटवण्याच्या कामातून बाहेर पडून व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रेस मटेरियल विकू लागलेल्या लिंबायतच्या बाईला ‘नंबर देऊ नका’ हा सल्ला काय कामाचा? तिचा नंबर हेच तिचे दुकान आहे. स्त्रीने जितके कमी दिसावे तितकी ती सुरक्षित, हा विचार आपण ओसरीवरून उचलून इंटरनेटवर आणून ठेवला आहे.

या प्रश्नाचे मूळ संशोधनापर्यंत जाते, म्हणून त्याकडे अभियांत्रिकीच्या अंगाने पाहायला हवे. संगणक सुरक्षेच्या शास्त्रात आधी ठरवावे लागते की हल्ला करणार कोण. पासवर्ड, ओटीपी, बोटाचा ठसा, सुरक्षेचे प्रश्न ही सगळी रचना दूरच्या, अनोळखी माणसाला गृहीत धरून उभी राहिली. कुलूप चोरासाठी बनवले आणि चोराकडेच घराची किल्ली निघाली, अशी स्थिती अनेक स्त्रियांची असते. नवऱ्याला पासवर्ड माहीत असतो. भावाने सिम स्वतःच्या नावावर घेतलेले असते. आईच्या माहेरचे आडनाव आणि पहिल्या शाळेचे नाव ही ‘गुप्त’ उत्तरे घरात सगळ्यांनाच पाठ असतात. फोन दोन मिनिटे हातात आला की व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या यंत्राला जोडता येते आणि मग तिचा प्रत्येक शब्द शेजारच्या खोलीत वाचला जातो. यासाठी हॅकर लागत नाही.

संशोधक नित्या संबाशिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या 199 जणींशी बोलून केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. फोन आपला एकटीचा नाही, तो मुले, दीर, सासू कोणीही मागणार, हे त्या स्त्रियांनी धरूनच ठेवले होते. म्हणून कोणी ठरावीक अ‍ॅपला वेगळे कुलूप लावत होती, कोणी निवडक मेसेज पुसत होती, तर कोणी काही गोष्टी फोनवर बघणेच टाळत होती. हे कौशल्य त्यांना कोणत्याही कार्यशाळेने दिले नव्हते. एका फोनवर एकच माणूस, या गृहीतकावर यंत्र बनवणाऱ्यांना मात्र ते दिसले नव्हते. सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात जगभर स्त्रियांचे प्रमाण पाव किंवा त्याहूनही कमी आहे. हा नोकऱ्यांच्या वाटपाचा प्रश्न आहेच, शिवाय कोणता धोका धोका म्हणून मोजला जातो, तेही त्यावर ठरते.

धोका ओळखला गेला की काय होते याचे आपल्याच देशातले उदाहरण पाहा. झटपट कर्ज देणारी अ‍ॅप फोनमधली नावे आणि फोटो उचलत, आणि हप्ता थकला की बाईचे बनावट नग्न चित्र तिच्या नातेवाइकांना पाठवत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम आणले आणि संपर्कयादी, फायली, कॉलची नोंद यांना हात लावायला अशा अ‍ॅपना मनाई केली. पाठोपाठ गूगलने 31 मे 2023 पासून आपल्या दुकानातल्या वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना फोटो आणि संपर्क वाचण्याची परवानगी नाकारली. बेकायदा अ‍ॅप अजूनही आहेत. तरीही, कर्ज देणाऱ्याला फोटो कशाला हवेत, या एका प्रश्नाने जे साधले ते हजार सावधगिरीच्या पत्रकांनी साधले नसते.

दुसरे उदाहरण ‘स्टॉप एनसीआयआय’ या सेवेचे. ब्रिटनमधल्या पीडितांच्या मदतकेंद्राने मेटाच्या सहकार्याने ती डिसेंबर 2021 मध्ये सुरू केली. आपले खासगी चित्र कोणी पसरवील अशी भीती असेल तर ते कोणालाही पाठवावे लागत नाही. फोनमध्येच त्याचा आकड्यांतला एक ठसा तयार होतो, तेवढाच बाहेर जातो आणि सहभागी समाजमाध्यमे त्या ठशाशी जुळणारे चित्र अडवतात. आपल्याकडे 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार आल्यावर असे चित्र 24 तासांत काढण्याचे बंधन घातले, पण तक्रार करायला ते चित्र आधी पसरावे लागते. ठशाची युक्ती त्याच्याही आधी पोहोचते. तिला मर्यादा आहेत. चित्र बरेच बदलले की ठसा चुकतो, आणि सेवेत सामील नसलेल्या ठिकाणी तिचा काही उपयोग नाही. पण पीडितेने आपले चित्र पुन्हा एका परक्या माणसाला दाखवू नये, हा विचार करून कोणीतरी गणित मांडले, याचे मोल मोठे आहे. सूरतमधल्या किती कॉलेजांत मुलींना ही सेवा माहीत आहे?

तंत्र शिकवले म्हणजे विवेक आपोआप येतो, हा भ्रमही सोडला पाहिजे. 2022 च्या पहिल्याच दिवशी ‘बुली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर मुस्लिम पत्रकार आणि कार्यकर्त्या स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’ला मांडलेले आढळले. मुंबई आणि दिल्लीच्या पोलिसांनी अटक केलेल्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते आणि एक अठरा वर्षांची मुलगीही होती. म्हणजे वर्गातली मुलींची संख्या वाढवणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागणार नाही. केंद्राने 2018 पासून आयआयटी आणि एनआयटींत मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या, त्याचा फायदा सूरतच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतही दिसतो. 1961 पासून या शहरात असलेल्या त्या संस्थेत माहिती सुरक्षेवर कित्येक वर्षे संशोधन चालू आहे. आता त्या संशोधनाने इच्छानाथ भागातल्या आपल्या आवारातून निघून उधन्यापर्यंत यावे, ही अपेक्षा गैर नाही.

कसे यावे, याचा नमुना न्यूयॉर्कमध्ये आहे. कॉर्नेल टेक या संस्थेत निकोला डेल आणि थॉमस रिस्टनपार्ट यांच्या पुढाकाराने जोडीदाराच्या छळातून बाहेर पडणाऱ्यांसाठी तंत्र-मदतीचे केंद्र चालते. संशोधक आणि प्रशिक्षित स्वयंसेवक पीडितेसोबत बसून तिचा फोन तपासतात. कोणते खाते कुठे उघडे आहे, जागा कोणाला कळते आहे, हे शोधतात. त्या अनुभवातून त्यांना कळलेली मोठी गोष्ट अशी की पाळतीचे अ‍ॅप घाईने काढून टाकणे धोक्याचे असू शकते. पाळत ठेवणाऱ्याला ते लगेच कळते आणि मारहाण वाढते. आधी बाई सुरक्षित जागी आहे का ते पाहायचे, मग फोनला हात लावायचा. हे ज्ञान प्रयोगशाळेत बसून मिळाले नसते.

असे केंद्र सूरतला उभे करायला लागणारे सगळे सुटे भाग इथे आहेत. संगणक शिकणारी मुले-मुली आहेत. समाजकार्य आणि कायदा शिकवणारे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ आहे. राज्यात ‘181 अभयम’ या महिला मदतसेवेची गाडी समुपदेशक आणि महिला पोलीस घेऊन दारात येते. त्या समुपदेशकांना फोन तपासायचे शिक्षण देणे काही अवघड नाही. भाषेचाही विचार हवा. महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू माध्यमाच्या शाळा चालवते, ही या शहराची फार चांगली गोष्ट आहे. मग मदत मात्र गुजराती-इंग्रजीतच का मिळावी? खानदेशातून आलेल्या घरातली मुलगी आपली लाजिरवाणी वाटणारी गोष्ट आईच्या भाषेत, अहिराणीत, सांगू शकली तर सांगेल. परक्या भाषेतल्या अर्जात ती लिहिणार नाही. मराठी शाळांतल्या आठवी-नववीच्या वर्गात हा विषय जावा आणि तो मुलांनाही शिकवला जावा. दुसऱ्याचा खासगी फोटो पुढे पाठवणे हा गुन्हा आहे, हे फक्त मुलीला सांगून काय उपयोग?

हे शहर अशा उघड बोलण्याला परके नाही. 1844 मध्ये समाजसुधारक दुर्गाराम मेहताजी आणि मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी इथेच मानवधर्म सभा काढली. विधवेचे पुनर्लग्न, जातिभेद, भूतखेतांची भीती यांवर तिथे चारचौघांत वाद होत असत. दादोबा तेव्हा सूरतच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. घरात मिटवून टाकायच्या गोष्टी सभेत आणल्या, म्हणून त्यांच्यावर टीका झाली आणि म्हणूनच त्या हलल्या.

पोलिसांच्या बाजूची एक अडचण मात्र कायद्यातच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 नुसार अशा गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाहून खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. देशाच्या पोलीस दलात स्त्रिया साधारण 12 टक्के, अधिकाऱ्यांमध्ये त्याहून कमी. म्हणजे आपली चित्रे, आपले मेसेज एखाद्या स्त्री अधिकाऱ्यापुढे ठेवण्याची संधी बहुतेक तक्रारदार स्त्रियांना मिळतच नाही. 2000 साली हा नियम करताना संगणक समजणारे अधिकारी मोजके होते, 2008 च्या दुरुस्तीने तो उपअधीक्षकावरून निरीक्षकापर्यंत उतरला. आज प्रशिक्षित महिला उपनिरीक्षकाला हा अधिकार द्यायला काय हरकत आहे? सूरत, नवसारीच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत मांडावा. ती दुरुस्ती होईल तेव्हा होईल. बाकीच्या कामांना दिल्लीची परवानगी लागत नाही. महापालिका, पोलीस आयुक्तालय, विद्यापीठ आणि राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था या चौघांची कार्यालये एकाच शहरात आहेत, आणि लिंबायतमध्ये आठवड्यातून दोन दुपारी उघडणारी अशा मदतकेंद्राची एक खोली येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत त्यांना सुरू करता येईल.