जुनी सेडान, पहिली मोटार

घरात पहिली मोटार यायची म्हटली की व्यापारी कुटुंबात प्रश्न निघतो : नवी छोटी गाडी घ्यावी, की तेवढ्याच रकमेत चार-पाच वर्षे वापरलेली सेडान? सेडानची डिकी प्रशस्त. कुंभोजच्या यात्रेचे सामान असो वा दुकानाचा माल, सहज मावतो. सुरुवातीच्या वर्षांचा मोठा घसाराही आधीच्या मालकाने सोसलेला असतो. (आसने खऱ्या चामड्याची नाहीत ना, ही चौकशी जैन घरांत होतेच.)

इंजिन मेकॅनिक तपासतो. नोंदणी प्रमाणपत्र मात्र क्वचितच कोणी वाचतो. त्यावर बँकेचा बोजा असल्यास ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. विक्रेता बहुधा नात्यातला असतो. ‘नावावर करू सावकाश’ म्हणत किल्ली दिली जाते. नमुना २९ व ३० भरून हस्तांतर झाले नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे. म्हणजे गोत्यात येतो तो विकणारा आप्तच. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा स्वतःच्या नावे करून घेतला नाही, तर गाडीच्या नुकसानीचा त्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. जुन्या मालकाची ‘नो क्लेम’ सवलतही त्याला मिळत नाही; तो वाढीव हप्ता किंमत ठरवतानाच धरावा.

जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज सहसा अधिक पडते. त्यामुळे रक्कम हाती असेल तर सेडान घ्यावी. कर्जच काढायचे असेल तर नवी छोटी गाडी बरी.