‘बप्पीदा जिंकले’ ही अर्धीच गोष्ट : एक अमेरिकन गाणे, एक हिंदी गाणे आणि मालकीचा प्रश्न

समाजमाध्यमांवर एक गोष्ट अधूनमधून नव्या उत्साहाने फिरू लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये लता मंगेशकर आणि बप्पी लाहिरी अवघ्या काही दिवसांच्या अंतराने गेले, तेव्हाही ती फिरली. गोष्ट अशी : अमेरिकेतील डॉ. ड्रे याच्या कंपनीने बप्पीदांचे गाणे चोरले, बप्पीदांनी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दाद मागितली आणि ते जिंकले. यातील एकही वाक्य खोटे नाही. तरीही ही गोष्ट इतिहास म्हणून सांगणे ही दिशाभूल आहे, कारण ती नेमकी सोयीच्या ठिकाणी थांबते.

आधी गाणे. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्‌स या गायिकेचे ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ प्रसिद्ध झाले. निर्माता डीजे क्विक, मधला रॅप राकिमचा, प्रकाशक डॉ. ड्रे यांची ‘आफ्टरमाथ’. ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत ते नवव्या क्रमांकापर्यंत चढले. त्याचा कणा मात्र १९८१ च्या ‘ज्योती’ या हिंदी चित्रपटातील ‘थोड़ा रेशम लगता है’ हे गाणे होते. संगीत बप्पी लाहिरींचे, आवाज लता मंगेशकरांचा.

क्विकने सांगितलेली हकिकत साधी आहे. एका सकाळी दूरचित्रवाणीवर हिंदी चित्रपटातले गाणे चालू होते, ते कानात भरले आणि त्याने व्हीसीआरचे ध्वनिमुद्रणाचे बटण दाबले. पुढे त्याच तुकड्याभोवती ढोल-बेसचा साज चढला. येथे ‘चालीवरून प्रेरणा घेणे’ आणि ‘सॅम्पल करणे’ यांतील फरक ध्यानात घ्यायला हवा. प्रेरणेत चाल उचलली जाते. वाजवणारे आणि गाणारे दुसरे असतात. सॅम्पलमध्ये मूळ ध्वनिमुद्रणच कापून नव्या रचनेत बसवले जाते. म्हणजे ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये लताबाईंच्या गायकीची नक्कल नाही, तिथे प्रत्यक्ष लताबाई गात आहेत, तेही एखाद्या क्षणापुरत्या नव्हे, तर गाण्याच्या जवळजवळ सबंध लांबीभर. तबकडीच्या श्रेयनामावलीत मात्र ना त्यांचे नाव होते, ना लाहिरींचे.

‘बप्पीदांनी तरी काय वेगळे केले?’ हा प्रतिप्रश्न हमखास येतो. ‘डिस्को डान्सर’मधील ‘औवा औवा’ आणि ‘बगल्स’चे ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ एकापाठोपाठ ऐकणाऱ्याला तो सुचणारच. पण एका उचलीने दुसरी धुऊन निघत नाही, आणि वर सांगितलेला फरक उरतोच. लताबाईंनी तर कोणाचेच काही उचलले नव्हते.

‘संगीताच्या देवघेवीत परवानगी कोण मागतो?’ हा दुसरा बचाव त्याहून लंगडा आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये गिल्बर्ट ओ’सलिव्हन याच्या गाण्यातील तुकडा विनापरवाना वापरल्याबद्दल बिझ मार्की हा रॅपर आणि त्याची कंपनी न्यायालयात हरली. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांत प्रत्येक सॅम्पलची आधी परवानगी घेणे हा नित्याचा कारभार झाला. जेम्स ब्राउनचा तुकडा वापरायचा तर पत्र जाई, पैसे मोजले जात. २००२ मध्ये ‘आफ्टरमाथ’ला हा रिवाज ठाऊक नव्हता असे कोणी म्हणणार नाही. रिवाज ठाऊक होता. मुंबईत कोणी हिशेब मागणारे असेल, हे मात्र गृहीत धरले गेले नव्हते. अनोळखी भाषेतला स्त्रीचा आवाज म्हणजे रानातले फूल, वाटेल त्याने खुडावे!

हिशेब मागणारे निघाले. ‘सारेगामा’ने, म्हणजे पूर्वाश्रमीच्या ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, आपल्या एचएमव्हीने, ५० कोटी डॉलरहून मोठा दावा ठोकला. लाहिरींनी स्वतंत्र दाद मागितली. २००३ च्या आरंभी लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयाने आदेश दिला की लाहिरींचे श्रेय छापल्याशिवाय अल्बम विकता येणार नाही. भारतीय वृत्तपत्रांनी विजयाचे मथळे दिले आणि लोकप्रिय गोष्ट येथे संपते.

खटला मात्र संपला नाही. तो चालत राहिला आणि त्यातून निष्पन्न झाले ते हे, की लाहिरींकडे त्या रचनेचे स्वामित्वच नव्हते. ‘ज्योती’च्या निर्मात्या प्रमोद फिल्म्सने मोबदला देऊन त्यांच्याकडून संगीत करवून घेतले होते, भारतीय कायद्याने ते निर्मात्याचे झाले. असा निराधार दावा वर्षानुवर्षे रेटल्याबद्दल लाहिरींच्या वकिलाला सुमारे अडीच लाख डॉलरचा भुर्दंड बसला आणि २०१० मध्ये अपील न्यायालयानेही तो कायम ठेवला. ज्याला ‘आपला विजय’ म्हणून मिरवले जाते, त्या प्रकरणाचा हा शेवट.

अमेरिकन न्यायालयाने यात स्वतःचा कोणता जुलमी नियम लादला? कोणताही नाही. त्याने आपला १९५७ चा प्रताधिकार कायदा वाचला. त्यातील १७ व्या कलमाचा अर्थ आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात, लावून ठेवला होता : वेगळा करार नसेल तर चित्रपटासाठी पैसे देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक टिपण जोडले. आपल्या कायद्यात गायकाला काहीच हक्क नाही, याकडे त्यांनी त्यात खेदपूर्वक लक्ष वेधले. कारण ‘सांगीतिक कृती’ची तेव्हाची व्याख्याच कागदावर उतरवलेल्या वा छापलेल्या स्वररचनेची होती. गळ्यातून निघाले ते त्या व्याख्येत कुठेच बसत नव्हते. ज्या देशात संगीत शतकानुशतके गळ्यातून गळ्यात गेले, त्या देशाने ही व्याख्या बाळगावी, याहून मोठा विनोद कोणता?

लता मंगेशकरांना हे कोणी शिकवायला नको होते. ‘महल’च्या (१९४९) गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पडद्यावरील पात्राचे नाव छापले होते. साठीच्या दशकात त्यांनी गायकांना स्वामित्वधनात वाटा मिळावा असा आग्रह धरला. मानधन मिळाले की गायकाचा हक्क संपतो, अशी महंमद रफींची भूमिका होती; त्यावरून दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. हा वाद आज दोन मोठ्या कलावंतांचा रुसवा म्हणून चवीने सांगितला जातो. वस्तुतः तो श्रमाच्या मालकीचा वाद होता आणि त्यात लताबाई काळाच्या पुढे होत्या.

कायदा मागून रांगत आला. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांना हक्क दिला खरा, पण सोबत एक पळवाटही ठेवली : आपले गायन चित्रपटात समाविष्ट करण्यास एकदा संमती दिली की तो हक्क संपला. पार्श्वगायकाला एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार होता. ती पळवाट बुजली आणि संगीतकार-गीतकारांना सोडून देता न येणारा स्वामित्वधनाचा हक्क मिळाला तो २०१२ मध्ये, तोही जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी संसदेत आणि बाहेर नेट लावल्यानंतर.

घरच्या बाजारातही त्या काळी काही निराळे घडत नव्हते. कायद्यातील ‘व्हर्जन रेकॉर्डिंग’च्या सवलतीच्या बळावर दुसऱ्या आवाजात जुनी गाणी गाऊन घेऊन कॅसेटचा बाजार काबीज करण्याचे तंत्र गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने ऐंशीच्या दशकातच रुजवले होते. ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ अमेरिकेत गाजल्यावर याच गाण्याचे देशी रीमिक्स ‘कलियों का चमन’ या नावाने बाजारात आले आणि त्याच्या चित्रफितीने दूरचित्रवाणी वाहिन्या दणाणून सोडल्या. गाणारा आवाज दुसऱ्याच गायिकेचा होता. लॉस एंजेलिसच्या चोरीने संतापलेल्या किती जणांनी या रीमिक्सच्या कॅसेटवर मूळ गायिकेचे नाव शोधले?