धूर शेगडीचा कीं आमच्या हयगयीचा ?

नांगराचा फाळ बोथटला तर आपण लोहाराकडे धांव घेतों. विहिरीवरील मोटर पाणी कमी उपसूं लागली तर त्याच दिवशीं मिस्त्रीस बोलावितों. परंतु परसांतील शेगडी धुमसूं लागली, म्हणजे 'शेगडीच वाईट' असा निकाल देऊन ती माळ्यावर टाकितों, आणि घरांतील बायामाणसें पुनः ओल्या सरपणापुढें डोळे चोळीत बसतात. हा निकाल न्यायाचा नाहीं असें आमचें मत आहे. तें आम्हीं स्वतः चुकल्यावर बनलेलें आहे, म्हणूनच वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करितों.

भुशाच्या कांड्यांवर चालणारी शेगडी पुष्कळांच्या पाहण्यांत असेल. लांकडाचा भुसा, उसाचें चिपाड, भुईमुगाचीं टरफलें हीं वाळवून, दळून, लोखंडी साच्याच्या छिद्रांतून मोठ्या दाबानें काढिलीं म्हणजे करंगळीएवढ्या जाडीच्या कठीण कांड्या तयार होतात. बाजारांत त्यांस पेलेट म्हणतात. अशा कांड्यांसाठीं बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनावरून एक पंख्याची शेगडी बनली, आणि २००६ सालापासून 'ऊर्जा' या नांवानें ती महाराष्ट्र, कर्नाटक व तामिळनाडू या प्रांतांत विकली जाऊं लागली. प्रथम ब्रिटिश पेट्रोलियमची भारतीय शाखा व २००९ पासून पुण्याची फर्स्ट एनर्जी कंपनी हिनें तो व्यवहार पाहिला. सुमारें चार लाख शेगड्या खपल्या. पुढें कच्चा माल महागला, कांड्यांचा भाव चढला, घरगुती गिऱ्हाईक कमी होत गेलें, आणि विक्रीचा ओघ हॉटेलें व कारखाने यांकडे वळला.

त्याच काळांत आमच्याही घरीं त्या धर्तीची एक शेगडी आली. ती कोणाच्या घडणीची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण दोष तिचा नव्हता. पहिले चार महिने तिनें उत्तम काम दिलें. पुढें पावसाळा लागला. कांड्यांचें पोतें आम्हीं पडवींत भिंतीला टेकून ठेविलें होतें. श्रावणांत शेगडी धूर ओकूं लागली. त्या वेळीं आम्ही तहसील कचेरींत कारकून होतों. सात-बाराच्या उताऱ्यांतील एका आकड्याची चूक आमच्या नजरेंतून सुटत नसे. परंतु घरच्या शेगडीची पाहणी करण्यास आम्हांस सवड झाली नाहीं. शेगडी माळ्यावर गेली. पुढें घरांत गॅस आला तो स्वयंपाकापुरता. आंघोळीचें पाणी व म्हशीचें आंबोण हीं चुलीवरच राहिलीं. असें दहा-बारा वर्षें चाललें. सेवानिवृत्त होऊन सकाळीं घरीं बसूं लागलों, तेव्हां परसांतून येणारा खोकला आम्हांस प्रथमच सबंध ऐकूं आला. तोंपर्यंत ती वेळ आमची कचेरीची गाडी गांठण्याची असे.

गेल्या दिवाळीपूर्वीं आम्हीं ती शेगडी खालीं काढून उघडली. तळाच्या जाळीचीं निम्म्याहून अधिक भोंकें वितळून थिजलेल्या राखेनें बुजलीं होतीं. वरच्या कडेच्या छिद्रांवर काजळी बसली होती. पंख्याच्या पात्यांत कुंभारमाशीनें घर केलें होतें. बॅटरी मरून गेली होती. आणि वापराच्या सूचनांचा कागद खोक्यांत जसाच्या तसा होता. त्याची घडीसुद्धां कोणीं मोडली नव्हती!

जळण्याचें मर्म समजलें म्हणजे हा सारा दोष कसा घडला तें कळतें. लांकूड किंवा भुसा तापला कीं त्याच्या वजनाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग वायुरूपानें बाहेर पडतो, व कोळसा तेवढा मागें उरतो. त्या वायूला वरून पुरेशी हवा मिळाली तर त्याची ज्योत होते; न मिळाली तर त्याचाच धूर होतो. म्हणजे धूर हें न जळलेलें सरपणच होय. यासाठीं शेगडीला दोन ठिकाणीं हवा लागते : एक तळाच्या जाळींतून, व दुसरी वरच्या छिद्रांतून. यांत आपणांस नवें असें कांहीं नाहीं. गुऱ्हाळावर चुलवाणांत जाळ घालणारा जाणता गडी चिपाड कडक वाळल्याशिवाय आंत घालीत नाहीं, तें थोडेंथोडेंच घालितो, व राख ओढून हवेची वाट मोकळी ठेवितो. गुळाच्या कढईसाठीं जें शहाणपण आपण पैसे देऊन राखतों, तें घरच्या शेगडीला लावीत नाहीं, एवढेंच.

आतां उपाय सांगतों. शेगडी पूर्ण निवाल्यावर दर वेळीं राख काढावी, आणि आठवड्यांतून एकदां जाळीचीं भोंकें तारेनें व वरचीं छिद्रें कोरड्या ब्रशानें साफ करावीं. पंखा महिन्यांतून एकदां झाडावा. बॅटरी भरल्याशिवाय शेगडी पेटवूं नये. कांड्या जमिनीपासून उंच, झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवाव्या. चांगली कांडी कडकन मोडते. सर्दावलेली कांडी फुगते व बोटांत भुगा होते. असला भुगा चाळून काढावा, नाहींपेक्षां तो हवेची वाट बुजवितो. कांड्या भरतांना वरच्या छिद्रांच्या खालीं बोटभर जागा मोकळी राखावी. पेटवावें तें वरून, नारळाची शेंडी किंवा वाळक्या काटक्या ठेवून. तापलेल्या निखाऱ्यावर रॉकेल वगैरे कदापि ओतूं नये. प्रथम पंखा मंद, ज्योत धरल्यावर जोरांत, व भांडें तापल्यावर पुनः मध्यम, असा क्रम ठेवावा. जळत्या शेगडींत वरून मूठमूठ कांड्या टाकण्याची खोड मात्र फार वाईट. त्यानें ज्योत दबून धूर होतो.

ज्योत पाहून दोष ओळखतां येतो. ती लांब, पिवळी, भांड्याला काजळी धरणारी असेल तर वरची हवा कमी पडते, किंवा कांड्या जास्त अथवा ओल्या आहेत असें समजावें. ठिणग्या व राख उडूं लागली तर वारा जास्त झाला. पंखा कमी करावा. आंखूड, स्थिर, बिनधुराची ज्योत हीच खरी. शेवटीं ज्योत मावळून निखाऱ्यावर निळसर झांक दिसते. धूर नाहीं म्हणून या वेळीं निर्धास्त राहूं नये. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायु दिसत नाहीं, त्याला वास नाहीं, आणि बंद खोलींत तो प्राण घेतो. शेगडी उघड्या पडवींतच लावावी व निखारे घरांत घेऊं नयेत.

कारकुनीची संवय जात नाहीं. म्हणून आम्हीं वहींत मोजमाप लिहून ठेविलें. साफसफाईपूर्वीं वीस लिटर पाणी आंघोळीजोगें तापविण्यास सव्वा किलो कांड्या लागून वर धूर होई. जाळी व छिद्रें मोकळीं केल्यावर, कोरड्या कांड्यांवर तेंच काम पाऊण किलोंत होऊं लागलें. चुलीवर त्याच पाण्यास दोन किलोंहून अधिक सरपण लागत असे. ही एका घरची वही आहे, शास्त्रीय चांचणी नव्हे. पण प्रत्येकानें आपापल्या घरीं ताजवा घेऊन ती पडताळावी.

यावर कोणी म्हणेल कीं, गॅस आल्यावर या खटाटोपाचें कारण काय ? त्यांनीं पहांटे कोणत्याही गांवांतून एक फेरी मारावी. किती परसांतून धूर निघतो तें दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरगुती धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें दगावलीं. सरकारनें १९८३ सालीं सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढिला, व तो बंद होईपर्यंत देशांत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या. त्यांतील पुष्कळ चुली फुटल्या, कित्येकींची धुराडीं काजळीनें बुजलीं, व लोक जुन्या चुलीकडे परतले. वस्तु दिली, पण तिची निगा कोणीं राखावयाची हें ठरलें नाहीं. आमच्या घरीं जें लहान प्रमाणावर घडलें तेंच तेथें मोठ्या प्रमाणावर घडलें. चूल हें बायकांचें काम, असें म्हणून आपण हात झटकतों. पण जाळी, पंखा, बॅटरी हीं अवजाराचीं कामें आहेत, आणि अवजाराची जबाबदारी आपण शेतकरी म्हणवितों तर आपली आहे.

तथापि एकट्या घराला सर्व साधणार नाहीं. आज कांड्या बनविणाऱ्यांचीं मोठीं गिऱ्हाइकें म्हणजे कारखान्यांचे बॉयलर व वीजकेंद्रें हीं होत. औष्णिक वीजकेंद्रांनीं कोळशांत अशा कांड्या मिसळाव्या असें केंद्र सरकारनें २०२१ सालीं ठरविलें आहे. अशा बाजारांत एक पोतें मागणाऱ्याला भाव व प्रत यांविषयीं कोण विचारतो ? यासाठीं खताप्रमाणें कांड्याही आपल्या सोसायटीनें एकत्र खरेदी कराव्या, पावसाळ्यापूर्वीं कोरड्या जागीं सांठवाव्या, व विकण्यापूर्वीं त्यांचा कोरडेपणा व राखेचें प्रमाण तपासावें. गांवांतील एका तरुणास दुरुस्ती शिकवून सुटे भाग त्याच्याजवळ ठेवावे, म्हणजे दहा रुपयांच्या तारेवांचून शेगडी माळ्यावर जाणार नाहीं.

कच्च्या मालाची आपणांकडे वाण नाहीं. उसाच्या एका एकरांत तीन-चार टन पाचट निघतें, व अजून कित्येक जण तें फडांतच पेटवितात. आपल्याच सातारा जिल्ह्यांत फलटण येथें निंबकर कृषि संशोधन संस्थेनें पाचटावर चालणारी वायुजनक भट्टी तयार केली. पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याच्या पद्धतीबद्दल पुण्याच्या आरती संस्थेस २००२ सालीं इंग्लंडांतील ॲशडेन पारितोषिक मिळालें. मात्र एक इशारा देणें अवश्य आहे. पाचटांत राख फार. तिच्या कांड्या या लहान शेगड्यांची जाळी लवकर बुजवितात. शिवाय पाचटाचा पहिला हक्क जमिनीचा आहे. खोडव्यांत तें आच्छादन म्हणून कुजवावें. जाळण्यासाठीं भुसा, टरफलें व चिपाड पुरे आहे. चुलीचें भलें करतांना शेत उपाशी ठेवणें हा शहाणपणा नव्हे.

आमच्या घरीं आतां दर रविवारीं सकाळीं जाळी साफ करण्याचें काम आमच्याकडे आहे. त्यास पावघटका लागते. घरांतील खोकला पुष्कळ कमी झाला आहे, पण सर्वस्वी गेलेला नाहीं. दहा-बारा वर्षांचा धूर एका हंगामांत कसा जाईल? जें आम्हांस पावघटकेंत करतां आलें असतें तें आम्हीं एका तपानंतर केलें, एवढीच रुखरुख राहिली आहे. वाचकांनीं आपली शेगडी आजच खालीं काढावी, इतकीच विनंती.